तिसऱ्याचं ताट

वसंतराव शिंत्र्यांच्या गाडीतल्या चार सिलिंडरांपैकी तिसऱ्याने दसऱ्यानंतरच्या सोमवारी वाटणी मागितली. बाकीच्या तिघांबरोबर एका चुलीवर आता निभत नाही, आपली चूल वेगळी मांडून द्यावी, एवढंच त्याचं म्हणणं होतं. वसंतराव तेव्हा गडहिंग्लजच्या बाजारातून मिरच्या घेऊन परत निघाले होते. त्यांनी गाडी कडेला घेतली, बॉनेट उघडलं आणि विचारलं, "काय कमी पडलं तुला?"

"पेट्रोल," तिसरा म्हणाला.

वसंतरावांना हे पटलं नाही. ते स्वतः घरचे कर्ते होते. म्हातारी आई, बिनलग्नाचा धाकटा भाऊ शिवाजी, बायको शालन आणि ते, असं चौघांचं घर त्यांच्या शब्दावर चालायचं आणि त्या घरात कुणी उपाशी राहिल्याचं आजवर त्यांच्या कानावर आलेलं नव्हतं. गाडीचंही तसंच. स्टिअरिंगशेजारी हवा-पेट्रोलचा गोल मीटर बसवलेला होता. हवा चौदा पूर्णांक सात भाग आणि पेट्रोल एक भाग असं प्रमाण जमलं, की काटा हिरव्या पट्ट्यात उभा राही. वसंतरावांनी वाकून पाहिलं. काटा हिरव्यातच होता.

"मीटर तर म्हणतो, सगळं ठीक आहे."

"त्येला काय जातंय म्हणायला," तिसरा म्हणाला.

मीटरबद्दल असं बोललेलं वसंतरावांना खपत नसे. गेल्या साली गाडी काळा धूर ओकायची आणि पेट्रोल ताकासारखं प्यायची. हा मीटर आला, त्याने खरं काय ते सांगितलं आणि आठवड्यात धूर बंद झाला. दसऱ्याला गाडीला एक हार घातला, तर मीटरला झेंडूचा दुसरा, छोटा. उपकाराची जाण ठेवणारा माणूस होता.

पण तिसरा हट्टाला पेटला. रविवारी शालनच्या भाचीच्या लग्नाला सगळ्यांना सावंतवाडीला जायचं होतं आणि वाटेत आंबोलीचा घाट होता. "पोटात पेट्रोल कमी आन् वर चढ," तिसरा म्हणाला. "नुसती हवा आतनं भाजती, मालक. त्या घाटात मी जळून जाणार. एकदा जळलो की मग वाटणी कुणाला देणार तुमी?"

तेव्हा प्रकरण गावच्या तंटामुक्ती समितीकडे गेलं. समितीच्या अध्यक्ष इंदूआक्का चौगुले. सरपंचपद भोगून झालेल्या आणि भावाभावांच्या वाटण्या करण्यात केस पांढरे झालेल्या. गाडीला समितीच्या कट्ट्यापर्यंत येणं सोपं म्हणून बुधवारी सकाळी बैठक तिथेच भरली. बॉनेट उघडलं, चहा आला. आधी साक्ष मीटरची होती, पण तो तापल्याशिवाय बोलत नाही असं कळल्यामुळे इंजिन चालू ठेवून सगळे चहा पीत थांबले.

मीटर तापला आणि म्हणाला, "चौदा पूर्णांक सात."

"झालं तर मग," समितीतले सदस्य म्हणाले आणि उठायला लागले. प्रत्येकाच्या घरी कर्त्याचा शब्द शेवटचा असल्यामुळे त्यांना यात विचारण्यासारखं काही दिसेना.

दुसऱ्या सिलिंडरने संधी साधली. "आमचं खानदानी घर हाय, आक्का. आमी एकमेकांच्या ताटात बघत न्हाई."

"खाणाऱ्याला बरं असतंय ते," इंदूआक्का म्हणाल्या आणि मीटरकडे वळल्या. "तू बसतोस कुठं रं?"

"तोंड डॅशबोर्डवर. नाक धुराड्यात."

"कुणाच्या धुराड्यात?"

"चौघांचा धूर जिथे एक होतो, तिथे."

"मग तिसरा जेवला का न्हाई, हे तुला कसं कळतं?"

"ते मला विचारलं जात नाही," मीटर शांतपणे म्हणाला. "धूर कसा आहे, एवढं विचारलं जातं. धूर उत्तम आहे. मध्यंतरी तो जरा उपाशी वाटला, तेव्हा मी लगेच वर, गाडीच्या कॉम्प्युटरला, कळवलं होतं."

"मग?"

"वरून सगळ्यांनाच थोडंथोडं वाढवून आलं. पुन्हा चौदा पूर्णांक सात झालं."

चौथा खोकला. तिसरा म्हणाला, "सगळ्यांना आलं, आक्का. मला पेट्रोल वाढणाऱ्या इंजेक्टरात कचरा हाय. वाढप्याचा हात माझ्या ताटापतुर पोचतच न्हाई. वाढीव आलेलं ह्या दुसऱ्यानं आन् चौथ्यानं खाल्लं."

इंदूआक्कांनी पदर खोचला. "धुराड्यावरनं घर पेटलंय का इझलंय, येवढं कळतं. कोण उपाशी, ते ताट बघितल्याबिगर कळत न्हाई. वसंतराव, तोंडं उघडा ह्यांची."

वसंतरावांनी पाना आणला आणि चौघांचे स्पार्क प्लग एकेक करून काढले. पहिल्याचा प्लग बिस्किटाच्या रंगाचा निघाला, म्हणजे पोटापुरतं खाणारा. दुसऱ्याच्या आणि चौथ्याच्या प्लगवर जास्तीचं खाल्ल्याच्या काजळीचा थर होता. तिसऱ्याचा चुन्यासारखा पांढराफटक, उपाशी. वसंतरावांनी तो उजेडात धरून पाहिला. आपण या मीटरला हार घातला, याची त्यांना लाज वाटली.

निकाल साधा झाला. वाटणी नाही. तिसऱ्याचा इंजेक्टर साफ करून द्यावा. दुसऱ्याने आणि चौथ्याने तोंड धुवावं. मीटरला काढायची भाषा कुणी करू नये, कारण धूर हुंगायला तो लागतोच. पण अधूनमधून ताटं बघायची ती कर्त्याने, स्वतः.

इंजेक्टर साफ झाला. गाडी चालू केली. तिसऱ्याने कित्येक महिन्यांनी पोटभर घेतलं. वसंतरावांनी मीटरकडे पाहिलं. काटा हिरव्या पट्ट्यात होता, सकाळी तिसरा उपाशी असताना होता अगदी तिथेच.

घरी पोचल्यावर ते जेवायला बसले. शालन वाढत होती. आईने भाकरी मागून घेतली, शिवाजीने दोनदा भात घेतला. वसंतराव हात धुऊन उठले आणि रोजच्या सवयीने त्यांनी विचारलं, "झाली का सगळ्यांची जेवणं?"

"झाली की," शालन आतून म्हणाली.

लग्नापासून हे एवढंच ते विचारत आले होते आणि हेच उत्तर त्यांना मिळत आलं होतं. आज ते सोप्यातल्या खुर्चीकडे गेले नाहीत. स्वयंपाकघरात गेले. त्यांना तिथे बघून शालन दचकली आणि भांडी आवरायला लागली. भाकरीच्या टोपल्यात फडकं तेवढं होतं. भाताचं पातेलं खरवडलेलं. शालनचं ताट फळीवर उभं होतं, कोरडं ठणठणीत.

"तुझं?" वसंतरावांनी विचारलं.

"भूक न्हाई मला," ती म्हणाली. मग त्यांच्या नखांत राहिलेली काजळी बघून, सकाळच्या बैठकीत काय झालं असेल ते ओळखून म्हणाली, "अवो, घर चाललंय न्हवं बरोबर? मग कशाला बघत बसताय."

वसंतरावांनी फळीवरचं ताट काढून पाटासमोर मांडलं, पिठाचा डबा खाली घेतला, परात ओढली आणि इंदूआक्कांना फोन लावला.

"आक्का, समितीपुढं आणखी एक प्रकरण घ्यायचं आहे."

"कुणाच्या विरोधात?"

"कर्त्याच्या. माझ्याच."

इंदूआक्कांना यात नवल वाटलं नाही. "उद्या सकाळी या," त्या म्हणाल्या. "ताटं घिऊन या."