मथुरेचं शेवटचं बोलणं परत मिळण्याबाबत

आमच्या उंबरडोहात माणूस जे विसरतो ते त्याच्या उजव्या हाताच्या शेजाऱ्याला आठवायला लागतं, आणि अख्ख्या गावात माझ्या शेजारणीला सगळ्यात कमी त्रास आहे, कारण माझ्याएवढं तल्लख डोकं पंचक्रोशीत दुसरं नाही. हे वाक्य मी या महिन्यात तीनदा लिहिलं. तिन्ही वेळा कागद कुठं ठेवला ते सगुणावैनींनी भिंतीपलीकडून ओरडून सांगितलं.

मी अप्पा खरमाटे. सायकली दुरुस्त करत आलो. शाळा चौथीपर्यंत, पुढं मी जायला तयार होतो, मास्तर तयार नव्हते.

गावातली ही रीत जुनीच आहे, तिचं कुणाला काही वाटत नाही. विसरलेलं उजवीकडं जातं. मूळ माणसाला परत आठवलं की शेजाऱ्याच्या डोक्यातून निघून येतं. बारा महिने मात्र शेजाऱ्याकडं राहिलं, तर ते शेजाऱ्याचंच होतं. गल्लीच्या टोकाला नगरपालिकेचा दवाखाना आहे. तिथल्या कंपाउंडरला डावीकडच्या खोलीतल्या अकरा म्हाताऱ्यांचे चष्मे कुठं आहेत ते ठाऊक असतं. स्वतःचा त्याला सापडत नाही.

सगुणावैनी कोष्टी माळकरी बाई. तरुणपणी मी त्यांची फार चेष्टा केली. तमाशातल्या दोन चावट लावण्या पाठ करायच्या आणि मग मेहनत करून विसरायच्या. मुद्दाम विसरणं सोपं नसतं, पण मी चिकाटीचा. एका एकादशीला भजनाच्या मध्यावर वैनींच्या तोंडून लावणीचं दुसरं कडवं निघालं आणि टाळ बंद पडले. माझी बायको मथुरा तेव्हा आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. त्या दोघींचं फार सूत होतं. भिंतीत एक वीट काढलेली होती, तिथून विरजण जायचं आणि दिवसभर बोलणं जायचं.

मथुरा गेल्या आश्विनात गेली.

आमच्याकडं वर्षश्राद्धाला घरच्या माणसानं उभं राहून गेलेल्याचं शेवटचं बोलणं मोठ्यानं म्हणायचं असतं. म्हटल्याशिवाय पानं वाढत नाहीत. सावळा गुरवाची आई जाताना 'दार लोटून घे' म्हणाली होती. सावळ्यानं तेच म्हटलं आणि मंडळी जेवली. श्राद्धाला दोन महिने उरले तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की मथुरा शेवटी काय बोलली ते मला आठवत नाही. म्हणजे ते उजवीकडं गेलं. आणि बारा महिने भरले की कायमचं गेलं.

मी नगरपालिकेत गेलो. स्मरण विभागाला एकच लिपिक, पाखरे. टेबलावर पाटी, पाटीवर त्यांचं नाव, मी म्हटलं, "साहेब, तुम्हालासुद्धा लागते होय?" ते हसले नाहीत.

"आधी स्वतः प्रयत्न करायचा," ते म्हणाले. "साठ दिवस. नाही जमलं तर सुनावणी. हे पत्रक घ्या."

पत्रकाचं नाव होतं 'स्मरण वाढवण्याचे व्यवहार्य उपाय'. वेळेवर झोपा. रोज चाला. एका वेळी एकच काम करा. आठवायची गोष्ट मोठ्यानं म्हणा. हातानं लिहा. घरातल्या एकेका जागेशी एकेक गोष्ट जोडा. आठवलेलं दुसऱ्याला सांगा.

"बदाम नाहीत यात," मी म्हटलं.

"बदामाचा पुरावा विभागाकडं नाही."

मी सगळं केलं. मी लबाड असेन, पण आळशी नाही. आठ वाजता झोपायचो, पहाटे ओढ्यापर्यंत जायचो. मग घरभर फिरायचो. चुलीपाशी उभं राहून म्हणायचं, इथं मथुरा काय करायची. कोनाड्यापाशी उभं राहून म्हणायचं, इथं काय ठेवायची. उपाय चांगले आहेत, मी खोटं बोलणार नाही. चौथ्या दिवशी कोनाड्यातून तिचा आवाज आला, म्हणजे मला आठवला: सुई शोधताना ती स्वतःशीच सुईला रागवायची. आठव्या दिवशी तिची आमटी आठवली. आमसूल किती, गूळ केव्हा, फोडणीत मेथीचे दाणे मोजून सात.

त्या दुपारी वैनी दारात आल्या. हातात पळी.

"अप्पा, आज काय आठवलंत?"

"आमटी. का?"

"मी चुलीपुढं उभी होते. आमसूल हातात घेतलं आणि पुढचं गेलं." त्यांनी पळीकडं बघितलं. "दहा महिने तिच्या हातची करत होते. तुम्हाला येते का करायला?"

"मला चहा येत नाही वैनी."

"मग आता ती आमटी कुणीच करायची नाही," त्या म्हणाल्या आणि गेल्या.

मला वाईट वाटलं. पण पत्रकात थांबायचं कुठं लिहिलेलं नव्हतं, आणि मला शेवटचं बोलणं हवं होतं. मी पुढच्या जागांवर गेलो. रांजणापाशी तिचं गाणं मिळालं, फक्त चाल. उंबऱ्यापाशी मिळालं की माहेराहून परत आली की ती आधी डावा पाय आत टाकायची आणि मग जीभ चावायची. पलंगापाशी तिचा ताप मिळाला. एक मिळालं की भिंतीपलीकडं एक गेलं. आधी वैनी विचारायला यायच्या. पुढं नुसत्या विटेच्या भोकातून बघायच्या, आणि मी मोठ्यानं काही म्हणायला लागलो की कान झाकून घ्यायच्या. झाकून काय होतंय.

एकदा मी भोकातून म्हटलं, "वैनी, एवढं तोंड पाडू नका. हाक मारा, मी सांगत जाईन. पत्रकात दुसऱ्याला सांगा असंच आहे."

"सांगितलेलं निराळं, अप्पा," त्या म्हणाल्या. "ती माझ्यात होती."

यावर मला काहीतरी गंमत सुचली होती. ती मी केली नाही, आणि आता ती आठवतही नाही, म्हणजे वैनींना ठाऊक असणार.

साठ दिवस झाले. मथुरेची चप्पल कुठल्या बाजूनं झिजायची इथपर्यंत सगळं परत आलं होतं. शेवटचं बोलणं आलं नाही. पलंगापाशी तीन तीन तास उभा राहिलो. पलंगावर ती दिसायची, पाण्याचा तांब्या दिसायचा, डॉक्टर बॅग मिटून बाहेर जाताना दिसायचे. पुढं काही नाही. मी म्हटलं, भिंतीपलीकडच्या बाईनं गच्च धरून ठेवलंय.

श्राद्धाच्या आदल्या दिवशी वैनींच्या ओट्यावर सुनावणी झाली. पाखरे रजिस्टर घेऊन आले, सतरंजीवर बसले. वैनी दाराला टेकून उभ्या होत्या. दोन महिन्यांत त्या बारीक झाल्या होत्या, जसं सामान काढलेलं घर दिसतं तशा.

पाखऱ्यांनी वाचलं. "अर्जदार खरमाटे यांचा विसर पडलेला मजकूर, मयत पत्नीचं शेवटचं बोलणं. सदर मजकूर उजव्या बाजूच्या शेजारी श्रीमती कोष्टी यांच्याकडं असल्याचा अर्जदाराचा दावा आहे. श्रीमती कोष्टी, तुम्हाला तो मजकूर ठाऊक आहे?"

"ठाऊक आहे," वैनी म्हणाल्या.

मला एकदम हलकं वाटलं. मी पाखऱ्यांना म्हटलं, "बघा साहेब, मी म्हणत नव्हतो? बायकांच्या पोटात काही राहत नाही म्हणतात, पण ही बाई निराळी."

"अर्जदारानं शांत राहावं." त्यांनी पान उलटलं. "मुदतीला आज एक दिवस बाकी आहे. नियमानं मजकूर परत करावा लागेल. अर्जदार, त्या वेळी आपण घरी होता?"

"घरीच की. कुठं जाणार?"

पाखऱ्यांनी ते लिहून घेतलं. वैनींनी मान फिरवली. मग मला राहवलं नाही. मी उठून त्यांच्यापुढं जाऊन उभा राहिलो आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या बाईशी सरळ बोललो.

"वैनी, उद्या माणसं जेवायला येतील. मी उभा राहीन आणि माझ्या तोंडात काही नसेल. बाकी सगळं ठेवून घ्या. आमटी घ्या, गाणं घ्या, मी परत विसरतो, मला जमतं. एवढं एक द्या. माझं आहे ते."

वैनींनी माझ्याकडं बघितलं. रागावल्या नव्हत्या.

"तुमचं जे जे आलं होतं ते सगळं तुम्ही काढून नेलंत, अप्पा. हे तुमच्याकडून आलेलंच नाही. डॉक्टर बाहेर पडले तसे तुम्ही त्यांच्या मागं गेलात, आणि ओट्यावर बसून चार माणसांना डॉक्टरांच्या चालीची नक्कल करून दाखवत होतात. हसणं आत ऐकू येत होतं. ती बोलली तेव्हा तिच्या उशाशी मी होते, ती बोलली ते मला बोलली. लिहा साहेब, अर्जदाराचं माझ्याकडं आता काही नाही."