वाढत्या अंगाचं जॅकेट

भानुदासकाकांचं हेल्मेट त्यांच्यासोबत वळत नाही. स्कूटरवर काका डावीकडे बघतात, हेल्मेट मात्र सरळच बघत राहतं. कारण ते त्यांनी एक नंबर मोठं घेतलंय.

उस्मानपुऱ्यात आमच्या समोर राहणाऱ्या या गृहस्थांनी मापाची वस्तू घेतल्याचं कुणाला आठवत नाही. मूळचे वैजापूरकडच्या मेंढपाळाच्या घरातले. लहानपणी एकच सदरा सगळ्या भावांत फिरायचा, तेव्हापासून सैल घ्यायचं अंगवळणी पडलं. पुढे वाळूजच्या कारखान्यात नोकरी केली, तीही ढगळ गणवेशात. आजही त्यांची टाच संपते आणि चप्पल दोन बोटं पुढे चालू राहते. कुणी हसलंच, तर काका गंभीर चेहऱ्यानं सांगतात, "वाढतं अंग हाय." वय पासष्टच्या पुढे.

त्यांची नात ओवी सुट्टीत पुण्याहून आली आणि धरणावर बोटीत बसायचं म्हणून हटून बसली. काका लाइफ जॅकेट घ्यायला निघाले. बोटवाल्याकडे असतात की, मी म्हटलं.

"ती मोठ्या मानसाची. पोरीला काय कामाची?"

माझी मिनी ओवीच्याच वयाची, म्हणून आम्हीही बरोबर गेलो. दुकानदार गिऱ्हाईक ओळखून होता. "चाचा, बडाच लेलो. चार साल चलेगा."

काकांनी ते ओवीला घातलं, बकलं लावली आणि जॅकेटच्या दोन्ही खांद्यांना धरून वर उचललं. जॅकेट वर आलं, ओवी खालीच राहिली. नुसते डोळे दिसत होते.

"काढ हे," काका म्हणाले.

मग त्याहून लहान. पट्टे आवळले, पायांमधून येणारा पट्टाही लावला, पुन्हा उचललं. आता जॅकेटबरोबर ओवीही वर आली, पाय झाडत, खिदळत.

"काका, वाढतं अंग विसरलात?" मी चिडवलं.

"पान्यात औंदाची ओवी पडंल का फुडल्या सालची? फुडल्या साली दुसरं घिऊ."

बोटीत काका सबंध वेळ तिचा पट्टा मुठीत धरून बसले. त्यांचं स्वतःचं जॅकेट गुडघ्याला टेकत होतं.

पुढच्या उन्हाळ्यात ते आमच्या दारात आले. "मिनीला जरा दुकानात न्यू का? ओवी येतीय. दोघी सारख्याच व्हत्या ना?" मिनीला घातलं, उचललं, मापाचं घेतलं. पण ओवीचं नाचाचं शिबिर निघालं, ती आलीच नाही. त्यापुढच्या उन्हाळ्यात पुन्हा मिनी, पुन्हा मापाचं. त्या वर्षी ओवीला पोहण्याचा क्लास लागला होता. ती दोन्ही कोरी जॅकेटं काकांच्या बैठकीत खुंटीला टांगलेली आहेत. गल्लीतले लोक त्यावरून त्यांची थट्टा करतात, मीही केलीय.

यंदाही आम्ही दुकानात गेलो. मिनीला जॅकेट नेमकं बसलं. हनुवटी वर, खांदे घट्ट.

"काका, ओवी आता माझ्याएवढीच आहे?" तिनं विचारलं.

"आसंल की." काकांनी तिच्या खांद्यावरचा पट्टा ओढून पाहिला. मग दुकानदाराला म्हणाले, "याच्या वरलं दाव."

ते घातलं. काकांनी उचललं. जॅकेट मिनीच्या कानांपर्यंत गेलं.

"काका, हे वर जातंय!"

"चाचा, ये तो ढीला है," दुकानदारही म्हणाला.

"ऱ्हाऊ दे. हेच बांध." काका बकलं सोडवत होते, मान खालीच होती. "कवा येतीय, काय सांगावं. वाढतं अंग हाय."

या खेपेला चिडवायचं सोडून मीही बकलं सोडवायला हात लावला.