किसनभाऊजींचा सांभाळ कंप्युटर

आमचे किसनभाऊजी, म्हंजे माह्या मालकाचे धाकटे भाऊ, कोणतीबी नवी वस्तू आधी खोलतेत अन् मंग वापरतेत. घड्याळ आणलं, खोललं. बॅटरी आणली, खोलली. मी एकदा गादी आणली तर शिवण उसवून आत कापूसच हाय का ते बघत बसले. पुन्हा शिवली कोणी? मी.

कापसाच्या जिनिंगमधी फिटर होते ते. लग्न केलं न्हाई. कोणी कशाचीबी तारीफ केली का त्यायचं एकच, "झाकण खोलून पाह्यलं का?" शेजारच्या पोरीला पाव्हणे बघायला आल्ते. नवरदेव टोपी घालून बसलेला. सगळे म्हणले, पोरगा लाखात एक. भाऊजी उठले, म्हणले, "झाकण खोलून पाह्यलं का?" अन् टोपी उचलली. खाली सगळं मैदान. शेजारी वर्षभर बोलले न्हाईत. पोरगी मात्र अजून राखी बांधती त्यायला.

माझे मालक विहिरीच्या कामावर दरड पडून वारले. आमची पोरगी मंदा तव्हा तीन वर्साची, अन् डावा पाय पोलिओनं गेलेला. घर माणसांनी भरलं, उन्हाळ्याचे दिवस, अन् भाऊजी स्टुलावर चढून बंद पडलेला पंखा खोलून राह्यले. लोकं म्हणले, भाऊ गेला अन् ह्याला पंखा सुचतोय. पंखा फिरायला लागला तसे तेच लोकं त्याच्याखाली सरकले.

मंग मी बियाण्याच्या गोदामात दाणे निवडायला लागले. वीस वर्सं मान खाली. फुटका दाणा बाजूला, चांगला पोत्यात. रडायचं न्हाई, बी भिजलं तर मुकादम बोलायचा. भाऊजींनी त्यायची खाट आमच्या बाहेरच्या खोलीत आणून टाकली. राहू का म्हून विचारलं न्हाई, मीबी काहून म्हून विचारलं न्हाई. आमच्या मस्तगड वस्तीतल्या बाया काय बोलायच्या ते बोलल्या. थकल्या अन् गप बसल्या.

मंदा कंप्युटर शिकली. क्लास माडीवर होता. जिना ती बसून बसून चढायची, एकेक पायरी, वह्या दातात धरून. लग्नाच्या पत्रिका छापणारा एक जण होता, तो म्हणला, "मावशी, लग्नसराईच्या आत कंप्युटर घरी आणा, पत्रिकेचं काम मंदाला देतो. न्हाई तर मला दुसरं कोणी बघावं लागंल." मला तेवढाच एक घोर होता. मी गेल्यावर ही कोणाच्या तोंडाकडं बघंल?

भाऊजी म्हणले, "वैनी, पैसे हायत माह्याकडं. फक्त ठरवायचं हाय. कंपनीचा तयार घ्यायचा का आपण जोडायचा."

हे ठरवायला तीन महिने.

पहिल्या दुकानात मीबी संग गेल्ते. दुकानदारानं कंपनीचा डब्बा दाखवला, चकचकीत. भाऊजींनी खिशातून पेचकस काढला. दुकानदार म्हणला, "काका, हे सील फुटलं का गॅरंटी खतम."

"म्हंजे पैसे माझे, डब्बा माझा, अन् झाकण तुमचं?"

"बिघडला तर आम्ही खोलू ना."

"अन् न्हाई बिघडला तर मला कळायचं कसं आत काय हाय?"

दुकानदारानं माह्याकडं पाह्यलं. मी छताकडं पाह्यलं.

दुसऱ्या दुकानात म्हणले, असेंबल घ्या. मला ऐकू आलं सांभाळ. घरी येऊन मंदाला म्हणलं, "एक कंपनीचा असतो अन् एक सांभाळ कंप्युटर असतो, तो आपल्याला सांभाळावा लागतो." मंदा हसून हसून आडवी झाली. "आई, असेंबल!" मी म्हणलं, "तेच ते. शेळी आणली तरी सांभाळावीच लागती."

ठरंना म्हून भाऊजी राजूरला गेले. गणपतीपुढं दोन चिठ्ठ्या टाकल्या, एक उचलली. मंग दुसरीबी खोलून पाह्यली. सवताच्या हातानं लिहिलेल्या चिठ्ठ्या! परत आले तर म्हणले, "देवाचं म्हणणं, जोडा. पण कारण न्हाई सांगितलं." मंग कारण शोधण्यात आणखी पंधरा दिवस गेले.

शेवटी मी बोलले. म्हणलं, "भाऊजी, लग्नं लागून जातील, पोरं होतील, त्यायच्या बारशाच्या पत्रिका छापायच्या का मंदानं?" दुसऱ्या दिवशी गेले औरंगाबादला अन् पोत्यात सामान घेऊन आले.

जोडायला बसले तर सवता हातच लावंनात. मंदाला म्हणले, "तू बस. पेचकस धर." अन् हे बॅटरी दाखवायला. एक स्क्रू लावायचा, पुन्हा काढायचा, पुन्हा लावायचा. हिरवी पाटी होती एक, तिला मदरबोर्ड म्हणतेत. मदर म्हंजे आई, मंदानं सांगितलं. सगळं तिलाच टोचलेलं. मी म्हणलं, यात नवल काय.

तीन दिवस असंच. तिसऱ्या दिवशी पोरीच्या बोटाला फोड आला. मी चिडले. म्हणलं, "तयार डब्बा मिळत होता. हा काय छळ लावलाय तिला?"

भाऊजी माह्याकडं न बघता बोलले. "वैनी, सीलवाला आणला अन् बिघडला, तर ही तो उचलून कोणत्या जिन्यावर नेणार? हिला हरेक स्क्रू माहीत पाह्यजे. मी काय कायम बाहेरच्या खोलीत हाय का?"

मी फोडाला हळद लावली.

दुपारी बटण दाबलं. काहीच न्हाई. भाऊजींनी सगळं खोललं, मंदानं सगळं जोडलं. दोन बार. मंग मंदाचं ध्यान भिंतीकडं गेलं. भिंतीवरचं बटण बंद. मीच केल्तं, लाइट जळू ने म्हून. भाऊजी कितीतरी येळ माह्याकडं बघत राह्यले. शिवी देता येत न्हाई, वैनी पडले ना.

लग्नसराईला आठ दिवस बाकी होते. पहिली पत्रिका त्या टोपीवाल्या नवरदेवाच्या भावाची आली.

काम बराबर चालू झालं. कंप्युटरबी बराबर. तिथंच घोटाळा झाला. रोज सकाळी भाऊजी पेचकस घेऊन दारात, "मंदे, काही कुरकुर?"

"न्हाई काका. एकदम चांगला हाय."

"चांगलंच हाय मंग," म्हणायचे, अन् बाहेरच्या खोलीत जाऊन चालू रेडिओ खोलायचे. दिवाळीपर्यंत त्यायच्या ताटातल्या दोन भाकरीची एक झाली.

एका सकाळी मी तांदूळ निवडत बसले होते. मंदानं पत्रिका पुरी केली, इकडंतिकडं पाह्यलं, डब्ब्याच्या मागं हात घातला अन् एक वायर सैल केली. मंग आवाज दिला, "काका, बंद पडला बघा."

भाऊजी चपला न घालता आले. डब्ब्यामागं वाकले. त्यायची नजर बराबर त्या वायरीवर जाऊन थांबली. मी पाह्यलं ना. मंदा बोटाची नखं बघत बसलेली.

भाऊजी सरळ झाले. म्हणले, "अवघड दिसतंय. झाकण खोलावं लागंल." अन् पलीकडच्या बाजूचा स्क्रू फिरवायला लागले, हळूहळू.

माह्या तोंडावर आल्तं, भाऊजी, ती वायर बघा. पण म्हणलं, हे झाकण आपण नको खोलायला. तांदूळ बाजूला सारले अन् चहाला आधण ठेवलं.