अर्ध्या पेल्याचे अण्णा

आमच्या लातूरच्या गल्लीत अण्णांकडे पाहुणा गेला, की त्याला अर्धा पेलाच पाणी मिळतं. वर विचारणा होते, "संपतंय नव्हं एवढं?" पाहुण्याने घोटभर उरवलंच तर अण्णा त्याच्यादेखत ते कढीपत्त्याच्या बुडात ओततात आणि म्हणतात, "पाणी हाय ते, पाणी."

शहराला रेल्वेने पाणी आलं तो उन्हाळा आम्ही विसरलो, अण्णा विसरले नाहीत. ते प्लास्टिकच्या टबात बसून अंघोळ करतात. तेच पाणी पुढे फरशीला आणि फरशीचं झाडाला. त्यांची बायको, आमच्या सुमनकाकू, गेल्यापासून तर जेवल्यावर हातही धुवत नाहीत, ओल्या फडक्याला पुसतात. चिक्कूपणाचा हा कळस मी गल्लीत बऱ्याच जणांना रंगवून सांगितला आहे.

त्यांचा मुलगा महेश थायलंडात, चियांग माईला नोकरी करतो. तिथल्याच मुलीशी त्याने लग्न केलं. अण्णा लग्नाला गेले नाहीत आणि नंतर सुनेशी फोनवर एक शब्द बोलले नाहीत. उल्लेख करायचाच झाला तर 'ती'. यंदा एप्रिलात महेशने दोन तिकिटं पाठवली आणि कळवलं, "इथल्या नव्या वर्षाला या. या वेळी आला नाहीत तर मी पुन्हा बोलावणार नाही." दुसरं तिकीट माझं, कारण अण्णा एकटे रेणापूरच्या पुढे जात नाहीत.

"मास्तर, भाषा कळत न्हाई, माणूस तरी आपलं पाहिजे," ते म्हणाले. मी निवृत्त शिक्षक. मला कुणीही कुठेही नेऊ शकतं.

पाडव्याची गुढी उतरवून फार दिवस झाले नव्हते, त्यामुळे लगेच दुसरं नवं वर्ष कशाला हे आम्हाला विमानातही उमगलं नाही. चियांग माईला महेश टॅक्सी घेऊन न्यायला आला होता, पण ती गर्दीत अडकली. घर दोन गल्ल्यांवर होतं. महेशने आम्हाला तिथेच उतरवलं आणि बॅगा घेऊन तो पुढे झाला.

दहा पावलं गेलो असू. एका आजीबाईंनी हसत हसत अख्खी बादली अण्णांवर रिकामी केली. अण्णा जागीच उभे. चिडले नव्हते, त्यांना काही कळलंच नव्हतं. त्यांनी आधी वर बघितलं.

"मास्तर, कुणाची टाकी वाहायली का?"

टाकी नव्हती. सगळा रस्ताच एकमेकांवर पाणी ओतत होता. बादल्या, पाइप, पिचकाऱ्या, डबे. मला वाटलं रंगपंचमी असावी, पण रंग कुठेच दिसेना. तेवढ्यात एका बाईने येऊन आमच्या गालांना पांढरं काहीतरी फासलं.

"गंध लावलं," अण्णा म्हणाले. "आता आरती कुणाची?"

मला तरी कुठे माहीत होतं.

मग त्यांना एका दुकानापुढे वाहता पाइप दिसला. अण्णा सरळ गेले आणि नळ बंद केला. दुकानदाराने हात जोडून पुन्हा सुरू केला. अण्णांनी पुन्हा बंद केला. तिसऱ्या वेळी त्याला हा खेळच वाटला आणि त्याने अण्णांना डोक्यापासून धुऊन काढलं. पुढे एका म्हाताऱ्याने वाकून, काहीतरी विचारून, वाटीभर पाणी त्यांच्या खांद्यावर हळूच सोडलं.

"इचारून भिजवायलेत," अण्णा म्हणाले. "भांडावं तरी कसं?"

शेवटी त्यांनी अंगातला सदरा काढला आणि रस्त्याकडेच्या एका कुंडीत पिळला. बघणाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. आपण काय केलं म्हणून टाळ्या, तेही आम्हाला समजलं नाही.

घरी पोचल्यावर महेशने कोरडे कपडे दिले. अण्णा सुनेकडे न बघता खुर्चीत बसले. आता हा माणूस पाण्यावरून तोंड सोडणार, पोरगा बिथरणार आणि बापलेकाचं कायमचं तुटणार, अशी मला धास्ती पडली होती. तेवढ्यात ती चांदीचा वाडगा घेऊन आली. पाण्यात मोगऱ्याची फुलं होती. नवरा-बायको दोघं अण्णांपुढे गुडघ्यावर बसली. महेशने त्यांचे हात पुढे घेतले, खाली परात ठेवली आणि ती त्या हातांवर बारीक धार सोडू लागली.

अण्णांनी गोंधळून माझ्याकडे बघितलं. "मास्तर, आपण जेवलो कुठं? हात का धुवायलेत?"

"हात धुणं नाही, बाबा," महेश म्हणाला. "नव्या वर्षाला घरातल्या थोरांच्या हातावर असं पाणी घालतात. मग थोरांनी आशीर्वाद द्यायचा."

अण्णांचे तळवे एकमेकांवर हळूहळू चोळले जाऊ लागले, जेवणानंतर चोळतात तसे.

"तुझी आय घालायची," ते म्हणाले. "जेवल्यावर, कढीपत्त्यापाशी. ती गेली आन् एका हातात तांब्या धरला की दुसरा एकटाच भिजायचा. दोन्ही हात मिळून धुणं काय जमेना. सोडून दिलं मग."

फडक्याची गोष्ट मी किती जणांना हसत सांगितली होती ते आठवून मला लाज वाटली. इतकी वर्षं शेजारी राहून मला एवढंही कळलं नव्हतं.

धार थांबली. महेशने बापाचं पाणीप्रकरण तिला सांगून ठेवलेलं असणार, कारण बरोबर अर्ध्या वाडग्यावर तिने हात आवरला आणि ती नवऱ्याकडे बघू लागली.

अण्णांचे हात तसेच पुढे होते.

"महेश, हिचं नाव काय रे?"

"नोई."

अण्णांनी ओंजळ आणखी पुढे केली.

"वत, नोई," ते म्हणाले. "सगळं वत."