लीडर आधी जेवतो

गुंड्याने आप्पांना तिसऱ्यांदा दात दाखवले, तेव्हा आप्पांनी चहाचा कप खाली ठेवला आणि निकाल दिला.

"रविवारी पाच वाजता भागोजी टेम्पो घेऊन येईल. कुत्रा केळशीच्या बागेत, साखळीला. विषय संपला."

आंजर्ल्याच्या शाळेत तीस वर्षे हेडमास्तर राहिलेल्या आप्पांनी दिलेला शब्द मागे घेतल्याचे कुणी पाहिले नव्हते. त्यांचा मुलगा यज्ञेश चाळिशीला आला, तरी त्यांच्यासमोर खिशातून हात काढून उभा राही. पण गुंड्याला बुरोंडीहून पिशवीत घालून त्यानेच आणले होते. साखळीला बांधलेला गुंड्या त्याच्या डोळ्यांपुढून हलेना. शेवटी त्याने दापोलीहून ट्रेनर बोलावला.

हा ऋत्विक नावाचा ट्रेनर कमरेला तीन शिट्ट्या अडकवून आला. "सर, प्रॉब्लेम सिंपल आहे. कुत्रा स्वतःला लीडर समजतोय. लीडर आधी जेवतो. लीडर दारातून आधी जातो. आणि लीडर कधी नजर खाली करत नाही. एवढं पाळा."

"पण हे सगळं लांडग्यांवरून काढलेलं ना?" यज्ञेशची बायको मनस्विनी म्हणाली. "ज्यांनी ते पसरवलं, त्यांच्यातल्याच एका अभ्यासकाने पुढे ते मागे घेतलं, असं वाचलंय मी."

"वहिनी, वाचून कुत्रे सुधारत नाहीत."

हे वाक्य आप्पांना फार आवडले.

मग आठवडाभर घराला शिस्त लागली. गुंड्याच्या दहीभाताआधी त्याच्यासमोर उभे राहून काहीतरी खायचे, म्हणून यज्ञेशने बिस्किटांचे पुडेच्या पुडे संपवले. दारातून आधी जायच्या नादात तो आणि गुंड्या दोनदा उंबरठ्यात अडकले. तिसऱ्यांदा आप्पाही अडकले, कारण यज्ञेशच्या मागून जायला ते तयार नव्हते. एवढे करून शनिवारी पट्टा घालताना गुंड्या यज्ञेशवरच गुरगुरला. आतापर्यंत तो फक्त आप्पांवर गुरगुरत असे. यज्ञेशला घास गोड लागेना.

रविवारी चार वाजता ऋत्विकने बाह्या सारख्या केल्या. "आता शेवटचा उपाय. उताणा पाडायचा आणि शरण येईपर्यंत दाबून धरायचा."

"त्याला कुठे दुखतंय का, ते तरी बघा आधी," मनस्विनी म्हणाली.

"भावनेला इथे जागा नाही, वहिनी."

त्याने घरापुढच्या खळ्यात जाऊन गुंड्याची मानगूट धरली. पुढचे सगळे दोन श्वासांत झाले. गुंड्या केकाटला, गर्रकन वळला, काहीतरी टर्रकन फाटले. बाही राहिली गुंड्याच्या तोंडात आणि ऋत्विक गेला न्हाणीमागच्या सिमेंटच्या टाकीवर.

"घाबरू नका!" तो वरून ओरडला. "हे नॉर्मल आहे! माघार घ्यायची नाही!"

"तुम्ही टाकीवर आहात," मनस्विनी म्हणाली.

"लीडर उंचावरच असतो! सर, तुम्ही पुढे व्हा. नजर काढू नका!"

गुंड्याच्या पाठीवरचे केस ताठ उभे होते, ओठ मागे खेचलेले. यज्ञेशने एक पाऊल टाकले. पडवीतून आप्पा काठी घेऊन उतरले. "शुंभासारखा उभा काय राहतोस? हाण एक!" तेवढ्यात बेड्याच्या फाटकाशी हॉर्न वाजला. भागोजी वेळेआधीच आला होता.

"आप्पानू, दोरी आणलीय हां! निगूया ना? काळोखाच्या आदी केळशीला पोचाया हवा!"

यज्ञेशने दुसरे पाऊल टाकले. इतक्या जवळून त्याला दिसले, की गुंड्याची मान उजवीकडे कलली आहे आणि दर भुंकण्यानंतर तो डोके जोरात झटकतो आहे. आणि त्याला आठवले. तिन्ही वेळा आप्पा खुशीत होते. तिन्ही वेळा त्यांनी गुंड्याचा उजवा कान पिळला होता. लाड करायची त्यांना तेवढी एकच रीत येत असे. शनिवारचा पट्टाही कानावरूनच गेला होता.

यज्ञेश मटकन खाली बसला. काठी नाही, नजर नाही. तोंड वळवून, मान उघडी टाकून तो बसून राहिला.

"सर! नजर! नजर काढलीत तुम्ही!" टाकीवरून आवाज आला.

"यज्ञेश, ऊठ!" आप्पांचा आवाज पहिल्यांदाच कापला.

मागे पानांची सळसळ झाली. गरम श्वास मानेला लागला. यज्ञेशने डोळे मिटून घेतले. मग एक ओले नाक कानामागे टेकले, आणि बऱ्याच वेळाने मांडीवर एका थरथरत्या हनुवटीचे ओझे आले.

मनस्विनीने हळूच मोबाइलचा टॉर्च धरला. "कान आतून सुजलाय. गवताचं कुसळ घुसलंय खोल. कुणी हात लावू नका, मी डॉक्टरांना फोन करते."

आप्पा जवळ आले. "उजवा?"

"हो."

"मी लाडाने धरायचो रे."

"आमचेही लाडानेच धरायचात, आप्पा."

आप्पांनी काठी खाली ठेवली. बेड्याकडे वळून ते म्हणाले, "भागोजी, तू जा. चूक झाली माझी." हे शब्द आप्पांच्या तोंडून यज्ञेशने कधी ऐकले नव्हते. भागोजी मात्र काही न समजता टेम्पो वळवून निघून गेला.

गुंड्या उठला, पाणी प्यायला आणि तुळशीपाशी जाऊन पडला.

"मी उतरू का?" ऋत्विकने विचारले.

"उतरा," आप्पा म्हणाले. "पण त्याच्याकडे बघू नका. इकडे या, माझ्याशेजारी बसा. त्या दगडी गडग्याकडे तोंड करून." आणि गुडघ्यांचा कडकड आवाज करत ते स्वतःही जमिनीवर बसले.

डॉक्टर तासाभराने येणार होते. अर्धा तास झाला, तरी दोघे हलले नव्हते. शेजारच्या आनंदीबाई गडग्यावरून डोकावल्या. हेडमास्तर आणि एका बाहीचा शर्ट घातलेला तो पाहुणा भिंतीकडे तोंड करून बसलेले पाहून त्यांचा हात तोंडावर गेला.

"अगो बाई! आप्पा, तुम्हाला हो कुणी शिक्षा केली?"

आप्पांनी मान वळवली नाही. फक्त ओठांवर बोट ठेवले.

"हळू बोला," ते पुटपुटले. "येतोय तो."