आदर्श जोडप्याचा घटस्फोट

देवरी तालुक्यातल्या चेतना आणि हेमेंद्र या पतिपत्नीने परस्परसंमतीने विभक्त होण्याचा निर्णय घेतला. लग्नानंतर दोघांचं ज्यावर एकमत झालं, अशी ही पहिलीच गोष्ट. हेमेंद्र झाडीपट्टीच्या नाटकांत नवऱ्याची कामं करायचा, आणि ती इतकी मन लावून करायचा, की घरी आल्यावर त्या भूमिकेसाठी अंगात त्राण उरत नसे. चेतनाला देवरीत खोली घेऊन एकटीने राहायचं होतं, शिलाईचं दुकान टाकायचं होतं. खोलीचे मालक शालीकराम म्हणाले होते, नवरा आण किंवा घटस्फोट आण, अधांतरी बाईला आम्ही खोली देत नाही. बिचारी त्या खोलीवर जीव लावून बसली होती.

अर्ज केल्यावर प्रकरण रीतसर गोंदियाच्या एका सलोखा केंद्रात गेलं. गावातून सकाळी दुसरं काही निघत नव्हतं, म्हणून दोघं एकाच मोटारसायकलवर आले. समुपदेशक जागेश्वर सरांनी ते खिडकीतून पाहिलं. प्रकरणात प्रेम शिल्लक असल्याचा शेरा पडला आणि पुढची तारीख मिळाली.

त्या तारखेला चेतना बसने निघाली. बस वाटेत बिघडली, ती पोचेपर्यंत केंद्र बंद झालं होतं. पत्नीला घटस्फोटात रस नसल्याची नोंद झाली. पुढच्या खेपेला ती आदल्या दिवशीच गोंदियात मुक्कामी गेली. दोघं वेगवेगळे आले, वेगवेगळ्या बाकांवर बसले. पण सरांनी दागिन्यांबद्दल विचारलं, भांड्यांबद्दल विचारलं, तरी दोघांचं उत्तर एकच. सर चिंतेत पडले.

"सगळंच पटतं, तर तलाक कैसे होगा? वादच नाही, तर निवारण कशाचं करू? पुढच्या तारखेला वाद घेऊन या."

चेतनाला भांडायची सवय नव्हती. हेमेंद्रला होती, पण संवाद पाठ असल्याशिवाय नाही. त्याने गेल्या मंडईच्या जत्रेत गाजलेल्या नाटकातला शेवटचा अंक तिच्याकडून घोटून घेतला. तारखेला दोघं असे भांडले, की बाहेरची जोडपी आपापली भांडणं थांबवून दाराशी गोळा झाली. शिपायाने डोळे पुसले. जागेश्वर सर उभे राहून टाळ्या वाजवू लागले. इतकं जीव तोडून माणूस परक्याशी भांडत नाही, असं त्यांचं मत पडलं.

लगेच हार आले, नारळ आला, 'आदर्श जोडपं' असा फलक आला. केंद्राला त्या महिन्यात एक समेट कमी पडत होता.

"सर, मले एकटीले राहाचं हाये," चेतना गळ्यात हार असतानाच म्हणाली. "हे कोनी काऊन आयकून नाही राहिलं?"

"इकडे बघा, हसा," फोटोवाला म्हणाला.

समेट झाला म्हणून घटस्फोटाचा अर्ज निकाली निघाला. हेमेंद्र तालमीला गेला. चेतना बसस्टँडवर पोटभर रडली, आणि मग तोच फोटो घेऊन शालीकरामांकडे गेली. त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला, सुनेला बोलावून दाखवला आणि खोलीची किल्ली दिली. नवरोबा कधी येणार, एवढंच विचारलं.

"नाटकाचा सीझन संपला का येतीन ना," चेतना म्हणाली.

फोटो आता शिलाई मशीनच्या वर टांगलेला आहे. हेमेंद्र आलेला नाही, येणारही नाही. चेतना एकटी आहे, सुखात आहे, आणि ब्लाउज शिवायला येणाऱ्या बाया त्या फोटोचं उदाहरण आपापल्या सुनांना देतात. शालीकरामांना हसू नका. तुमच्याकडेही एखादी खोली रिकामी असेल. ती बघायला एकटी बाई दारात आली, तर तुम्ही तिला पहिला प्रश्न कोणता विचाराल, तेवढं फक्त सांगा.