म्हाताऱ्याचे वय

शीळफाट्याजवळ डोंगराच्या पायथ्याशी महिपत भोईर यांच्या अंगणात पुरुषभर उंचीचा एक काळा दगड उभा होता. गाव त्याला ‘म्हातारा’ म्हणे. रस्ता रुंद करण्यासाठी तो फोडायचे ठरले, तेव्हा आपण तो फोडू देणार नाही, असे महिपतने चारचौघांत सांगून टाकले. दगडाची वारसा म्हणून नोंद झाली तर रस्ता वळवावा लागतो, एवढी माहिती काढून तो नौपाड्यात कुंडलिकराव देशमाने यांच्याकडे आला. तीस वर्षे भूशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या कुंडलिकरावांना वाद घालायला बऱ्याच दिवसांत कोणी मिळाले नव्हते. त्यांनी काम तत्काळ स्वीकारले.

अर्जात वयाचा एकच रकाना होता. त्यात त्यांनी टपोऱ्या अक्षरांत ‘साडेसहा कोटी वर्षे’ असे लिहिले. कचेरीतल्या योगिनी मॅडमनी ते वाचून चष्मा काढला.

“सर, इथला सगळाच दगड साडेसहा कोटींचा. आम्ही रस्त्यावर टाकणार ती खडीसुद्धा. हा अंगणात कधीपासून आहे ते सांगा. शंभरच्या वर पाहिजे.”

मुद्दा बिनतोड होता, आणि स्वतःचे सोडून इतरांचे बिनतोड मुद्दे कुंडलिकरावांना आवडत नसत. त्यांनी महिपतला समजावून दिले की, आकाशातून अदृश्य किरण अखंड येत असतात आणि उघड्यावरच्या दगडात त्यांच्या खुणा साठत जातात; त्या मोजल्या की दगडाने किती काळ आकाश पाहिले ते कळते. आकडा दहा हजारांच्या खाली येणार नाही, असा त्यांनी शब्द दिला. महिपतने तो गावभर वाटला. दगडाचा टवका प्रयोगशाळेत रवाना झाला आणि अहवाल आला तो पाहणीच्या आदल्या दिवशी. वय शून्य, किंवा मोजता न येण्याइतके अल्प.

“शून्य?” महिपत म्हणाला. “सर, माझा नातूपण वर्षाचा झालाय.”

कुंडलिकराव तसूभरही डळमळले नाहीत. डोंगर झिजतो, त्याचा कडा ढासळतो, पोटातला दगड बाहेर पडतो आणि त्या क्षणापासून त्याची मोजणी सुरू होते. दगड जुनाच आहे, त्याचे उघड्यावर येणे तेवढे नवे आहे, असे त्यांनी सांगितले.

महिपतने जरा विचार केला. “म्हणजे शाळेतलं वय. बापाने मला शाळेत नेलेला, मास्तरांनी बघून एक जून टाकला. तिथून आपलं चालू.”

तीस वर्षांत इतके चपखल उदाहरण आपल्याला सुचले नाही, याचे कुंडलिकरावांना वैषम्य वाटले.

“मग म्हाताऱ्याचीपण तारीख मागची टाका ना, सर.”

“मी मास्तर नाही, महिपतराव. प्राध्यापक आहे.”

दुसऱ्या दिवशी योगिनी मॅडम अंगणात आल्या. दहा हजारांची जेवढी खात्री होती, तेवढ्याच खात्रीने कुंडलिकरावांनी शून्याची बाजू मांडली. सगळे ऐकून घेतल्यावर, म्हणजे हा हल्लीच वरून खाली आला का, एवढेच मॅडमनी विचारले. महिपत जमिनीकडे पाहू लागला. उत्तर उंबऱ्यावरून आले. तिथे महिपतची आई रंगूबाई वाल सोलत बसली होती.

“माजे डोल्यांदेखत आयला. यो महिपत पालन्यात होता. सासरा तंबाखू आनाला बाजेवरशी उठला, नी यो दगर बाजेवर बसला.”

दगडाला म्हातारा का म्हणतात, हे गावातल्या तरुणांना त्या दिवशी कळले. मॅडमनी मान वर करून डोंगराकडे बराच वेळ पाहिले आणि काहीतरी लिहून घेतले.

आठवड्याने आदेश निघाला. कडा एकदा ढासळलेला असल्याने पायथ्याशी खोदकामास मनाई. रस्ता पलीकडून जाईल. दगडाला हात लावू नये. कुंडलिकरावांनी पत्नी सरोजबाईंना सांगितले की, शून्यातच खरे बळ असते, हे आपण प्रारंभापासून ओळखून होतो. तेवढ्यात महिपतचा फोन आला. आदेशाला दुसरे पानही होते. कड्याखालच्या घरातल्यांनी महिन्याच्या आत गावाच्या खालच्या अंगाला, दिलेल्या जागेत राहायला जावे.

“दगड बसणार आणि मी उठायचं?” महिपतचा आवाज फाटला होता. “तुम्ही या आणि आईला समजवा. या वयात घर सोडायचं म्हटल्यावर ती हाय खाईल.”

कुंडलिकराव रिक्षात बसल्या बसल्या सांत्वनाची तीन वाक्ये मनात घोळवत शीळफाट्याला पोहोचले. रंगूबाईची भांडी पोत्यात भरून झाली होती. अंथरुणाची वळकटी बांधून ती तिच्यावरच ठाण मांडून बसली होती.

“पन्नास वरसा बोलतंय, हितशी उठा,” ती म्हणाली. “माजा कोनी आयकला नाय. दगराचा लगेच आयकला.”